दारुब्रह्माचे सुतार

आपल्या घरातील देवघर क्षणभर डोळ्यांपुढे आणा. शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही एखाद्या कोपऱ्यात, नाही तर भिंतीतल्या कोनाड्यात, लाकडी देव्हारा बहुधा असतोच. त्यातील देव कोठून आले हे आपल्याला बिनचूक सांगता येते. बाळकृष्ण आजीच्या माहेरचा, अन्नपूर्णा आईबरोबर आलेली, टाक कुलदैवताचे. परंतु तो देव्हारा कोणी केला असे विचारले तर आपण गप्प होतो. त्याचे चार खांब कोणी कातले, वरची महिरप कोणाच्या पटाशीने कोरली, ह्याची नोंद कोणी ठेवलेली नसते. देव लक्षात राहतात. देवाला घर करून देणारा विसरला जातो.

आज मी अशाच एका विसरल्या जाणाऱ्या कारागिरांच्या वर्गाविषयी बोलणार आहे. ही माणसे आपल्या मुलखातील नव्हेत. ती ओडिशातील जगन्नाथपुरीची आहेत. जेथे सुतारकाम हे देवाच्या पूजेचेच एक अंग आहे, आणि ते करण्याचा हक्क बापाकडून मुलाकडे वारशाने चालत येतो, असे ठिकाण सांगावयाचे झाल्यास पुरीहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. कारण तेथे देवाचे मंदिर दगडाचे असले, तरी देव स्वतः लाकडाचा आहे. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन ह्या चारही मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. म्हणूनच जगन्नाथाला 'दारुब्रह्म' म्हणतात. दारु म्हणजे काष्ठ. काष्ठरूपाने प्रकट झालेले परब्रह्म, असा त्या नावाचा अर्थ.

पुरीचे आजचे भव्य मंदिर बाराव्या शतकात गंग वंशातील अनंतवर्मन चोडगंग ह्या राजाने उभारावयास घेतले. आपल्या इतिहासाशीही ह्या क्षेत्राचा धागा जुळलेला आहे. १७५१ साली ओडिशाचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८०३ पर्यंत तो तसा राहिला. मंदिराच्या सिंहद्वारापुढे आज जो अरुणस्तंभ दिसतो, तो कोणार्कच्या भग्न सूर्यमंदिरापुढून काढून येथे आणून उभा केला गेला, तो मराठ्यांच्याच अमदानीत. ह्या कोणार्ककडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे. आपण ते नाव ध्यानात ठेवावे.

पुरीच्या सुतारांची कुळकथा देवाच्या कथेतच गुंफलेली आहे. इंद्रद्युम्न नावाच्या राजाला समुद्रकिनारी एक दिव्य ओंडका सापडला. त्याची मूर्ती घडवावी अशी त्याला आज्ञा झाली. पण राज्यातील एकाही कारागिराची पटाशी त्या लाकडावर चालेना. तेव्हा एक जख्ख म्हातारा सुतार राजद्वारी आला. मूर्ती मी घडवीन, असे तो म्हणाला. त्याची अट एकच. आपल्याला बंद दालनात एकट्याने काम करू द्यावे आणि एकवीस दिवस दार कोणी उघडू नये. दार बंद झाले. काही दिवस आतून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला आणि मग तो थांबला. म्हातारा उपाशीतापाशी मेला तर नसेल, ह्या काळजीने राणीचे मन व्याकूळ झाले. तिच्या आग्रहावरून राजाने मुदतीआधीच दार उघडविले. आत म्हातारा नव्हता. होत्या त्या अर्ध्याच घडलेल्या मूर्ती, हातपाय पूर्ण न झालेल्या. तो म्हातारा सुतार म्हणजे साक्षात विश्वकर्मा होता. राजा शोक करू लागला. तेव्हा, मला ह्याच रूपात राहावयाचे आहे, असे देवाने त्याला सांगितले.

श्रोतेहो, ही कथा आपण भाविकतेने ऐका किंवा चिकित्सेने ऐका. परंतु ज्या सुताराच्या घरी ती लहानपणापासून सांगितली जाते, त्याच्या मनावर ती काय संस्कार करीत असेल ह्याचा विचार करा. ह्या कथेत राजाजवळ संपत्ती आहे, सत्ता आहे, भक्तीदेखील आहे. नाही तो धीर. काम करणाऱ्याला त्याच्या वेळेप्रमाणे काम करू देण्याचा धीर त्याला राहिला नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, कारागिराच्या हातून अपुरे राहिलेले काम देवाने आपले रूप म्हणून पत्करले. आपल्या धंद्याचा मूळपुरुष म्हातारा होता, अनोळखी होता, आणि तरीही राजाला न साधलेले काम त्याने हाती घेतले, हा अभिमान त्या कुळाला ह्या कथेने दिलेला आहे. पुरीतील देवाचे सुतार आजही स्वतःला 'विश्वकर्मा' म्हणवितात. 'महाराणा' हे त्यांचे आडनाव. आपल्याकडे हा शब्द ऐकताच चितोडगड आठवतो. ओडिशात तो वाकस आणि पटाशी चालविणाऱ्यांचा मान आहे.

आता लाकूड म्हटले की ते झिजणार, त्याला कीड लागणार. दगडी देवाला ही चिंता नाही. पुरीच्या परंपरेने ह्या उणिवेचाच एक विधी केला. त्याचे नाव 'नवकलेवर', म्हणजे नवे शरीर. ज्या वर्षी आषाढ महिना अधिक येतो, त्या वर्षी चारही मूर्ती नव्याने घडवावयाच्या. असा योग साधारणपणे आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षांच्या अंतराने येतो. विसाव्या शतकात १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७ आणि १९९६ ह्या साली नवकलेवर झाले. एकविसाव्या शतकातले पहिले २०१५ साली झाले. कडुनिंबाचा वृक्ष शोधावयाचा तो ठरलेल्या लक्षणांवरून. जवळ नदी किंवा जलाशय असावा, स्मशान असावे, मुळाशी वारूळ असावे, खोडावर शंखचक्रांची चिन्हे उमटलेली असावीत, फांद्यांवर पक्ष्यांची घरटी नसावीत. शोधपथक प्राची नदीकाठच्या काकटपूर येथील मंगलादेवीला कौल लावून निघते. वृक्ष सापडल्यावर तेथे यज्ञ होतो. झाडाला प्रथम सोन्याची कुऱ्हाड लावतात, मग चांदीची, आणि मग खऱ्या कामाची लोखंडी. तो ओंडका नव्या लाकडी गाड्यावर घालून माणसांनी ओढीत पुरीस आणावयाचा. मंदिराच्या आवारातील 'कोइली वैकुंठ' ह्या जागी, लोकांच्या दृष्टीआड, विश्वकर्मे त्या मूर्ती घडवितात. इंद्रद्युम्नाने उघडलेले दार जणू ह्या वेळी कोणी उघडीत नाही.

ह्या विधीतला कौटुंबिक भाव विलक्षण आहे. जुन्या मूर्तीतील 'ब्रह्मपदार्थ' नव्या मूर्तीत ठेवण्याचे काम दैतापती नावाचे सेवक मध्यरात्री, डोळे बांधून आणि हात वस्त्रात गुंडाळून करतात. हे दैतापती स्वतःला विश्वावसू शबराचे, म्हणजे जगन्नाथाची प्रथम पूजा करणाऱ्या वनवासी प्रमुखाचे, वंशज मानतात. जुन्या मूर्तींना भूमीत समाधी दिली जाते आणि दैतापतींची कुटुंबे घरचे माणूस गेल्याप्रमाणे सुतक पाळतात. देव हा त्यांचा नातेवाईक आहे. श्रद्धा आणि कुलपरंपरा ह्या दोन गोष्टी आपण बोलताना वेगळ्या करतो; तेथे त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पण नवकलेवर ही क्वचित येणारी घटना. सुताराच्या हातांची खरी परीक्षा दरवर्षी होते, ती रथयात्रेच्या निमित्ताने. आषाढ शुद्ध द्वितीयेला तिन्ही देव आपापल्या रथांत बसून, सुमारे तीन किलोमीटरवरील गुंडिचा मंदिरात जातात. हे तिन्ही रथ दरवर्षी नवे करावयाचे. जगन्नाथाचा 'नंदीघोष' सोळा चाकांचा; उंची सुमारे ४५ फूट, म्हणजे आपल्याकडील चार मजली चाळीएवढी. बलभद्राचा 'तालध्वज' चौदा चाकांचा, सुभद्रेचा 'दर्पदलन' बारा चाकांचा. नंदीघोषाला लाकडाचे ८३२ तुकडे लागतात, तालध्वजाला ७६३, दर्पदलनाला ५९३. बेरीज केली तर ती २,१८८ तुकड्यांची आणि ४२ चाकांची होते. आणि हे सारे उभे करावयास मुदत किती? अक्षय्य तृतीयेला मुहूर्त होतो आणि आषाढ शुद्ध द्वितीयेला रथ रस्त्यावर उभा असावा लागतो. मध्ये अधिक महिना आला नाही, तर दोन महिन्यांहून एखादा दिवस कमीच. इंद्रद्युम्नाने मुदत मोडली तरी चालून गेले; ह्या सुतारांना ती सवलत नाही.

लाकूड येते ते दसपल्ला, नयागड, खोर्धा ह्या भागांतील रानांतून. पूर्वी दसपल्ल्याचे संस्थानिक ते देवाची सेवा म्हणून देत असत आणि ओंडक्यांचे तराफे महानदीच्या प्रवाहातून खाली येत. वसंतपंचमीच्या सुमारास लाकूड पुरीत येऊ लागते, रामनवमीला त्यावर करवत चालू होते. ह्या लाकडांची नावे आपल्याला परकी वाटतील, पण झाडे ओळखीची आहेत. तेथला 'धउरा' म्हणजे आपला धावडा, 'असन' म्हणजे आपला ऐन, 'सिमिळी' म्हणजे सावर, 'गंभारी' म्हणजे शिवण. 'फासी' हा धावड्याचाच भाऊबंद. चाके आणि आस ह्यांसारख्या जिवावरच्या भागांसाठी त्याच्या कठीण लाकडावर भिस्त असते. कोणत्या झाडाने कोणता भार सोसावा हे ठरलेले आहे.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मंदिरातून 'आज्ञामाळ' येते. देवाच्या अंगावरील फुलांची माळ हीच काम सुरू करण्याची परवानगी. राजवाड्यापुढील रस्त्यालगत 'रथखळा' नावाची मोकळी जागा आहे. तेथे तीन ओंडक्यांची पूजा होते आणि कामास आरंभ होतो. प्रत्येक रथाला एक मुख्य विश्वकर्मा असतो आणि त्याच्या हाताखाली सुतारांची तुकडी. लोखंडी कड्या, पट्ट्या, खिळे घडविणारे लोहार वेगळे. त्यांना ओझा महाराणा म्हणतात. रथावरील देवतांच्या मूर्ती कोरणारे रूपकार वेगळे, रंगविणारे चित्रकार वेगळे, रथावर चढणारे तांबड्या-पिवळ्या, तांबड्या-हिरव्या आणि तांबड्या-काळ्या कापडाचे आच्छादन शिवणारे शिंपी वेगळे, आणि ओंडके वाहून उभे करणारे भोई वेगळे. प्रत्येकाची सेवा त्याच्या घराण्याकडे नेमलेली.

येथे आपल्यापैकी जे स्थापत्यशास्त्र शिकलेले असतील त्यांना एक प्रश्न पडेल. एवढ्या मोठ्या कामाचा नकाशा कोठे असतो? उत्तर असे की, ह्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या नकाशावाचून काम केले आहे. त्यांचे माप हाताचे आणि अंगुळांचे. मापाची एक काठी असते. तिच्यावरून आसाची लांबी, चाकाचा व्यास, खांबाची उंची ठरते. बाकीचे सारे गणित मुख्य विश्वकर्म्याच्या डोक्यात, आणि त्याच्या डोक्यात ते त्याच्या बापाच्या शेजारी उभे राहून आलेले.

हे शिक्षण कसे होत असेल हे समजावयास पुरीला जाण्याची गरज नाही; आपल्या गावचा सुताराचा नेट आठवला तरी पुरे. पोर आधी भुसा झाडते, मग हत्यारांना धार लावते, मग बापाने आखलेल्या रेघेवर करवत धरते. रेघ आखावयाचा अधिकार फार उशिरा मिळतो. बाप सांगतो थोडे. रंध्याच्या आवाजावरून आणि बापाच्या कपाळावरच्या आठीवरून मुलगा उरलेले समजतो. शब्दसुद्धा किती जवळचे आहेत पाहा. चाकाच्या मधल्या गाठीस आपण तुंबा म्हणतो. पुरीचा सुतारही तिला तुंबाच म्हणतो. आपण आरा म्हणतो. तोही आरा म्हणतो. त्याच्या प्रत्येक चाकात असे सोळा आरे असतात. बलुतेदारीतला आपला सुतार आणि देवाच्या सेवेतला हा महाराणा एकमेकांची भाषा न जाणताही एका चाकाशी बसून काम करू शकतील.

चाकांचे काम सर्वांत नाजूक. आसावर चाके चढविण्याचाही दिवस ठरलेला आहे. चंदनयात्रेचे बाहेरचे एकवीस दिवस संपतात, त्या 'भउँरी'च्या दिवशी हा विधी होतो. ह्या रथांना दिशा देणारे सुकाणू नाही. गती आवरावयाची ती चाकाखाली लाकडाचे ठोकळे घालून, आणि वळवावयाचे तेही तसेच. हजारो माणसे दोर ओढीत असतात, वर देव आणि सेवक बसलेले असतात. एखादा आस तिरपा बसला, एखादा आरा कच्चा निघाला, तर काय अनर्थ होईल ह्याची कल्पना करा. इंग्रजी भाषेने जगन्नाथाच्या नावावरून 'जगरनॉट' हा शब्द उचलला, आणि वाटेत येईल ते चिरडीत जाणारी आंधळी शक्ती असा त्याचा अर्थ केला. परक्या प्रवाशांच्या नजरेत चाक भरले. चाक नीट फिरावे म्हणून दोन महिने उन्हात बसलेला माणूस त्यांना दिसला नाही. भाविकाला जो भक्तीचा विषय, तो सुताराला भक्तीचा तर खराच, पण हिशेबाचा आणि जबाबदारीचाही विषय असतो. त्याची श्रद्धा डोळे मिटून बसणारी नव्हे. ती सांध्यात सांधा बसला की नाही हे बोटाने चाचपून पाहणारी आहे.

यात्रेच्या दिवशी पुरीचे गजपती महाराज सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन रथांवर चढतात आणि रथ झाडतात. ह्या विधीला 'छेरा पहँरा' म्हणतात. देवापुढे राजाही झाडूवाला, असा त्याचा अर्थ सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जी फळी सुताराने रंधून गुळगुळीत केली, तीच फळी राजा वाकून झाडतो. सुताराच्या कामावर ह्याहून मोठी पावती कोणती असणार?

दशमीला देव परत निघतात. एकादशीला, म्हणजे आपल्या आषाढी एकादशीलाच, सिंहद्वारापुढे उभ्या असलेल्या रथांवर तिन्ही देवांना सोन्याचे अलंकार घालतात. भीमेच्या वाळवंटात वारकरी विठ्ठलाचा गजर करीत असतात, त्याच दिवशी पूर्वसमुद्राच्या काठी लाकडी रथावर लाकडी देव सोन्याने झळकत असतो. पंढरीचा देव विटेवर उभा राहून भक्तांची वाट पाहतो. पुरीचा देव गाभारा सोडून भक्तांच्या रस्त्यावर येतो. त्याला रस्त्यावर आणणारे वाहन मात्र सुताराने करून द्यावे लागते.

आणि मग त्या वाहनाचे काय होते? देव गाभाऱ्यात परतले की रथ मोडतात. घोडे, सारथी, बाजूच्या देवता असे काही भाग जपून ठेवण्याचा प्रघात आहे. पण खांब, तुळया, फळ्या उतरविल्या जातात आणि त्यांतले पुष्कळसे लाकूड देवाच्या महाप्रसादाचे सरपण म्हणून मंदिराच्या पाकशाळेत जाते. दोन महिन्यांचे काम, दोन आठवड्यांचे आयुष्य, आणि शेवट चुलीत. आपण घरी एक खुर्ची केली तरी ती नातवाच्या उपयोगी पडावी अशी आपली इच्छा असते. ह्या कारागिराला मात्र ठाऊक असते की, आपण आज ज्या चाकावर हात फिरवीत आहोत ते पुढल्या वर्षी नसणार.

येथे मी आपल्याला कोणार्ककडे नेतो. पुरीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर तेराव्या शतकात नरसिंहदेव राजाने सूर्याचे मंदिर बांधले. तेही रथाच्याच आकाराचे. दगडी चाके चोवीस, ओढणारे घोडे सात. त्या चाकांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या मंदिराचीही कारागिरांच्या घरातलीच एक लोककथा आहे. बाराशे कारागीर बारा वर्षे खपले. मुख्य कारागिराचे नाव बिशु महाराणा. शिखरावरचा शेवटचा दगड काही केल्या बसेना. बापाला कधीही न पाहिलेला त्याचा बारा वर्षांचा मुलगा धर्मपद त्याला भेटावयास आला, आणि त्याने तो दगड बसविला. पण जे बाराशे जणांना जमले नाही ते एका पोराने केले हे राजाला कळले, तर त्या साऱ्यांवर राजाचा कोप होईल, म्हणून त्या मुलाने शिखरावरून समुद्रात उडी घेतली.

कथा कथाच आहे. पण तिचा शेवट मला फार सूचक वाटतो. कोणार्कच्या कथेत मुलगा बुडाला आणि विद्या तेथेच संपली. इतिहासातही मुख्य शिखर कोसळले, देव तेथे राहिला नाही, आणि तसे मंदिर त्या पद्धतीने पुन्हा बांधणारे हात उरले नाहीत. टिकावा म्हणून दगडाचा केलेला रथ भग्न झाला; आणि मोडण्यासाठीच लाकडाचा केलेला रथ दर आषाढात नवा उभा राहतो आहे. असे का व्हावे? माझे उत्तर असे आहे. दगडी रथ एकदा झाला आणि कारागीर मोकळे झाले. लाकडी रथ दरवर्षी मोडला जातो, म्हणून तो दरवर्षी करावा लागतो. दरवर्षी करावा लागतो, म्हणून बापाला मुलाला शिकवावे लागते. परंपरा वस्तूत साठत नाही, हातात साठते. पुरीच्या धर्माने वस्तू जपली नाही, हात जपले. ज्याला आपण वारसा म्हणतो तो तिजोरीत ठेवावयाचा दागिना नव्हे; विस्तव राखण्यासारखे ते काम आहे. रोज नवे लाकूड घातले तरच तो जिवंत राहतो.

म्हणून एका वर्षाचा खंडही किती महाग पडला असता हे २०२० साली दिसले. महामारीमुळे देशभर टाळेबंदी होती. कामास उशीर झाला. परवानगी मिळाल्यावर सुतारांना घरच्यांपासून वेगळे ठेवून काम पुरे करण्यात आले. रथ तयार होत आले असता १८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने यात्रेस मनाई केली; २२ जूनला अटी घालून परवानगी दिली; आणि २३ जूनला भाविकांवाचूनच्या रस्त्यावरून रथ निघाले. त्या चार दिवसांत वाद झाला तो गर्दीचा, आरोग्याचा आणि धर्माचा. पण यात्रा होणार की नाही हे ठाऊक नसताना ज्यांनी चाकाला चाक जोडले, त्यांच्या मनाची स्थिती काय असेल? फळ मिळेल की नाही हे न पाहता कर्म करावे, असे आपण पुष्कळदा ऐकतो. त्या वर्षी रथखळ्यावर ते शब्दशः आचरणात आले.

श्रोतेहो, एवढे ऐकून, ही परंपरा अमर आहे, असे म्हणून आपण निश्चिंत होऊ. तसे होऊ नये. दरवर्षी नवा रथ म्हणजे दरवर्षी नवे वृक्ष. आणि चाकाजोगा मोठा फासी काही दोन महिन्यांत वाढत नाही. त्यासाठी ओडिशा सरकारने 'जगन्नाथ वन प्रकल्प' ह्या नावाने रथाच्या लाकडाची झाडे मुद्दाम लावण्याचे काम हाती घेतले आहे. आज लावलेल्या रोपाचा रथ लावणारा पाहील असे नाही. त्याचा नातू पाहील. ही दृष्टी खऱ्या अर्थाने परंपरेची आहे.

परंतु झाडांची जशी लागवड होते तशी कारागिरांची होते काय? रथाचे काम वर्षातून दोन महिन्यांचे. उरलेले दहा महिने सुताराच्या घरी चूल पेटावयाची ती देवाच्या मानावर पेटत नाही. शाळेत शिकलेल्या मुलापुढे आज दुसरे दहा मार्ग आहेत. तो रथखळ्यावर यावा असे आपल्याला वाटत असेल, तर त्याला तेथे केवळ पुण्य मिळून चालणार नाही. आपल्या समाजाला एक खोड आहे. ज्याच्या कामात श्रद्धा आहे, त्याला मोबदला कमी दिला तरी चालतो अशी आपली समजूत असते. कीर्तनकाराला नारळ, पुजाऱ्याला मूठभर तांदूळ, आणि देव्हारा करणाऱ्या सुताराशी मात्र घासाघीस. तो भक्तीने करतो म्हणून त्याला कमी द्यावे, हा न्याय उफराटा आहे. श्रद्धा ही त्याने कामात घातलेली भर आहे. ती आपल्याला मिळालेली सूट नव्हे.

इंद्रद्युम्नाची राणी दार उघडावयास का निघाली होती, हे आपण विसरू नये. आतला म्हातारा उपाशी तर नाही ना, ही तिची शंका होती. कथेत तिला दोष लागला, कारण तिने भलत्या वेळी दार उघडविले. पण तिची चौकशी चुकीची नव्हती. मूर्ती किती झाली, हे सारेच विचारीत होते; मूर्ती करणारा जेवला का, हे तिने एकटीने विचारले. ही चौकशी आज योग्य वेळी आणि योग्य रीतीने करणे हे आपले काम आहे.

तेव्हा आज रात्री देवापुढे निरांजन लावाल, तेव्हा त्याच्या उजेडात एकदा देव्हाऱ्याच्या लाकडाकडेही पाहा. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना विचारा, हा कोणी केला, कोणत्या गावचा होता, त्याची मुले अजून ते काम करतात का. नाव मिळाले तर कुलाचाराच्या वहीत कुलदैवताच्या नावाखाली ते लिहून ठेवा. आणि कधी नवा देव्हारा करावयाची वेळ आली, तर तो एखाद्या सुताराकडून करवून घ्या, त्याची मजुरी पुरी द्या, आणि काम लवकर उरक म्हणून त्याच्या दारावर थाप मारू नका.